कचेरीतली विहीर

"ही भिंत बी, साहेब?" आश्रुबानं पुन्हा विचारलं.

तहसीलदारांच्या हाताखालचे पेशकार बन्सीधरराव, त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं. एकच गोष्ट दोनदा विचारणारा चपराशी त्यांना खपत नसे, पण आश्रुबाचा चेहरा बघून ते जरा नरमले. निजाम हुजुरांच्या गादीला पंचवीस वर्षं झाली होती. जुबिलीसाठी सगळ्या कचेऱ्या आतून-बाहेरून पांढऱ्या करायचा हुकूम हैदराबादेहून सुटला होता. शुक्रवारी सुटी, शनिवारी सकाळपासून चुना.

"हुकुमात भिंती लिहिल्यात," ते म्हणाले. "ही तेवढी वगळा असं कुठं लिहिलेलं नाही. आणि तसंही काय उरलंय रे तिच्यात?"

काय उरलंय, हे आश्रुबानं सांगायला घेतलं असतं तर पेशकारांची दुपार गेली असती. तालुक्याची ही कचेरी म्हणजे जुन्या देशमुखांच्या गढीची सदर. तिच्या उगवतीच्या भिंतीवर कुण्या चिताऱ्यानं कधीकाळी एक विहीर काढून ठेवली होती. चिताऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आता निम्म्या चित्रापुढं दफ्तराचं कपाट होतं, वरच्या अंगाला दिव्यांची काजळी होती, आणि एका कारकुनानं पागोटं टांगायला मोटेच्या बैलाच्या वशिंडात खुंटी ठोकली होती. कामाला येणाऱ्या माणसाला तिथं पोपडे दिसत. बिचाऱ्याचा दोष नव्हता. कचेरीत आलेल्या माणसाला साहेबाच्या तोंडापलीकडं काही दिसतच नाही.

आश्रुबाचं स्टूल मात्र त्या भिंतीच्या समोर होतं, बावीस वर्षं. चपराशाचं काम म्हणजे निम्मं हाकेला ओ देणं आणि निम्मं हाकेची वाट बघणं. वाट बघण्याचा वेळ त्यानं सगळा त्या विहिरीवर काढला. पहिल्या वर्षी त्याला बायका आणि घोडा एवढंच दिसलं. तिसऱ्या वर्षी दिसलं की ओंजळीनं पाणी पिणारा घोडेस्वार पाण्याकडं बघतच नाही. तो बघतो पाणी ओतणाऱ्या बाईकडं, आणि पाणी त्याच्या कोपरावरून ओघळून चाललंय. तिलाही ते कळलंय, म्हणून ती नजर घागरीवरून हलवत नाही. मग पुढं कधीतरी पायरीवर बसलेली म्हातारी दिसली. तिनं हे दोघंही ओळखलेत आणि पदराआड हसू दाबून धरलंय. त्या दिवशी आश्रुबा एकटाच मोठ्यानं हसला आणि त्यानं तहसीलदारांची बोलणी खाल्ली. एका गोष्टीचं तेवढं त्याला वाईट वाटे. या सगळ्यात घोड्याला पाणी कुणीच विचारलं नव्हतं.

हे सगळं संध्याकाळी घरी जाऊन तो दगडाबाईला सांगे. बायकोनं ते चित्र कधी बघितलं नव्हतं. कचेरीपासून शंभर पावलांवर राहून ती बाजारालाही मागच्या वाटेनं जायची. तिची आई कस्तुराबाई, पेडगावची. दुसऱ्यांच्या बांधाच्या भांडणात तिला एकदा जबानी द्यायला बोलावलं. घटकाभराचं काम, पण पुढं आयुष्यभर गावानं तिला 'कचेरी चढलेली कस्तुरा' म्हणून ओळखलं. लेकीचं लग्न चपराशाशी ठरलं तेव्हा म्हातारीनं दिव्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की नवरा तिथं राहू दे, तू त्या पायऱ्या चढायच्या नाहीत.

त्यांना एकच लेक झाली, दैवशाला. ती सात वर्षांची असताना पटकीच्या साथीत गेली. दगडाबाई भिंतीकडं तोंड करून चार दिवस पडून राहिली. अन्नाचा घास घेईना, रडेना. शेजारणी सांगून थकल्या. पाचव्या दिवशी आश्रुबा तिच्या उशाशी बसला, आणि काय बोलावं ते न सुचून रोजच्यासारखं बोलला. आज विहिरीवर एक पोरगी दिसली, म्हणाला. इतकी वर्षं कशी दिसली नाही कुणास ठाऊक. पाणी ओतणाऱ्या बाईच्या पाठीशी उभी आहे, तिचा पदर धरून.

दगडाबाईनं भिंतीकडंच तोंड ठेवून विचारलं, "अंगात काय हाय तिच्या?"

"परकर हाय," आश्रुबा म्हणाला.

त्या संध्याकाळी तिनं अर्धी भाकर खाल्ली.

चित्रात पोरगी नव्हती. त्या बाईच्या पाठीमागं गिलावा पडून तळहाताएवढा डाग झाला होता, तिथं आश्रुबानं तिला उभं केलं होतं. खोटं बोलायची ज्याला सवय नसते त्याचं खोटं त्याला जड जातं. आश्रुबानं ते चौदा वर्षं वाहिलं. कारण अधूनमधून भाकरी थापताना दगडाबाई विचारायचीच, "पोरगी काय करायलीय आज?" आणि तो सांगायचा.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं तिला चुन्याचं सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. भाकरी तव्यावर पडली तेव्हा म्हणाली, "मंग मला बगायचंय."

तिनं ते चित्र बघावं हे आश्रुबाला बावीस वर्षं वाटत होतं, आणि त्यातली चौदा वर्षं तिनं ते कधीच बघू नये असंही. त्यानं शपथेची आठवण दिली.

"आय गेली. आता भिंत बी चालली," दगडाबाई म्हणाली. "शपत कुणासाटी राखू?"

शुक्रवारी दुपारी कचेरी बंद होती आणि किल्ली आश्रुबाच्या करगोट्याला. मागच्या दारानं तो तिला घेऊन गेला. उंबऱ्यापाशी थांबून तिनं पदराच्या टोकानं तळपाय पुसले. आश्रुबानं दोन्ही खिडक्या उघडल्या आणि पाठ लावून दफ्तराचं कपाट बाजूला सरकवलं. ऊन सरळ भिंतीवर पडलं. बाईच्या लुगड्याचा निळा रंग त्यालाही इतका निळा कधी दिसला नव्हता.

दगडाबाई डावीकडून सुरुवात करून सावकाश बघत चालली, हळदीकुंकवाला गेलेली बाई ओळीनं सगळ्यांना भेटते तशी. बैलाच्या खुंटीपाशी तिनं च्यक् केलं. म्हातारीपाशी आली आणि तिच्यासारखाच पदर तोंडाला लावून हसली. घोडेस्वाराचं कोपर बघितलं. घोड्यापाशी जरा जास्त थांबली. मग पाणी ओतणाऱ्या बाईपाशी आली, आणि तिची नजर त्या बाईच्या पाठीशी जाऊन थांबली.

आश्रुबाला भिंतीकडं बघवेना. "अगं," तो म्हणाला, "तितं कुनी न्हाई. कवाच नव्हतं. मीच आपलं..."

"ठावं हाय मला."

"कवापासून?"

"परकरापासून," दगडाबाई म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. "कदी जांभळा सांगायचात, कदी हिरवा. एकदा तर पिवळा सांगितलात. पोरीला परकर हुता एकच."

आश्रुबा स्टुलावर बसला. तो एक परकर कुठल्या रंगाचा होता ते त्याला आठवत नव्हतं. चौदा वर्षं आठवलेलं नव्हतं आणि हे त्याच्या आत्ता लक्षात येत होतं. विचारायची हिंमत झाली नाही.

"मंग आलीस कामून?" त्यानं कसंबसं विचारलं.

"ती उभी ऱ्हाती ती जागा तरी बगावी म्हनलं."

असं म्हणून तिनं त्या डागावर तळहात ठेवला. डाग तेवढाच होता. हात काढला तेव्हा बोटांना जुनी माती लागली होती. ती तिनं झटकली नाही, पदराच्या गाठीला पुसली. मग दोघांनी मिळून कपाट पुन्हा जागेवर सरकवलं.

शनिवारी चुना मारायला गडी आले. बाकीच्या भिंती तुम्ही घ्या, ही माझी, असं आश्रुबानं त्यांना सांगितलं. फुकटात काम कमी होत असेल तर कोण नाही म्हणतो? त्यानं वरून सुरुवात केली. आधी आभाळ गेलं, मग झाड, मग बैल. खुंटी त्यानं उपटून टाकली. जाताना तरी बैलाला त्रास नको. म्हातारी गेली, घोडेस्वार गेला. निळ्या लुगड्याच्या बाईला तीन हात द्यावे लागले, तरी निळं खालून डोकावत राहिलं. डागाला एका हातातच चुना बसला. पेशकार येऊन बघून गेले. काम चांगलं झालंय, म्हणाले.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा चुन्यानं बोटं फाटली होती. दगडाबाईनं वाटीत करडईचं तेल घेतलं आणि त्याच्यापुढं बसून ती एकेक बोट चोळायला लागली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आश्रुबाकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. चुलीत ओलं लाकूड धुपत होतं.

"ऐकायलात का?" दगडाबाई म्हणाली. "लय ऊन झालंय इहिरीवर. म्हातारी सावलीला सरकलीय."

आश्रुबानं मान वर केली.

"त्या बाबाचं पानी पिनं काय सरंना. हात पार भिजून गेला."

"आन पोरगी?" आश्रुबानं विचारलं.

"तिनं सोडला की पदर. कुणाचं ध्यान न्हाई बगून बारकी कळशी उचलली आन गेली. घोड्याला पानी पाजायलीय."

मग काल विचारायचं राहिलेलं त्यानं विचारलं, "परकर कसला हाय गं तिचा?"

"हिरवा. एकच तर हाय तिला," दगडाबाई म्हणाली, आणि तेल लावायला तिनं त्याचा दुसरा हात ओढून घेतला.