दांडीवरची खूण

"पाय आत घे, तारांत जातील. आणि घंटी वाजव. तेवढंच काम आहे तुला."

वळण आलं तशी त्याने घंटी वाजवली. वळणापलीकडे कोणी नव्हतं. कालव्याच्या कडेने जाणारी वाट अजून अर्धवट झोपेत होती, पाण्यावर वाफेसारखं काहीतरी तरंगत होतं आणि एक बगळा एका पायावर उभा राहून त्याच्याकडे बघत होता. तरी त्याने वाजवली. हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. आता त्याचे केस पांढरे झाले होते, पण प्रत्येक वळणावर तो आवाज मानेमागून यायचा. मानेमागूनच, कारण तो तेव्हा पुढे दांडीवर बसलेला असायचा आणि मोठी बहीण मागे सीटवर, दोन्ही हातांच्या मध्ये त्याला कोंडून, तासाच्या बोलीवर आणलेली भाड्याची सायकल हाकायची. तिचे पाय पुरायचे नाहीत. पायडल खाली गेलं की ती त्या अंगाला कलायची, वर आलं की दुसऱ्या अंगाला. आणि कलता कलता गायची:

चाका चाका, फिर हळू, माझा भाऊ आहे लहान,
वाजव घंटी, माग वाट, वाट देईल सारं रान.

गाणं कुठलं, कुणाचं, हे त्याने कधी विचारलं नाही. तिनेच जुळवलं असणार. हात कामात गुंतले की तिच्या तोंडी ओळ यायची.

वाट जरा उताराला लागली. त्याने पाय थांबवले आणि सायकल आपली आपण चालू लागली. मागच्या चाकातून बारीक टकटक टकटक सुरू झाली, जशी कुणी सुया मोजत बसलंय. हा उतार त्याला फार आवडायचा. सायकल गर्द हिरवी होती, ओल्या पानासारखी. हँडलच्या मुठी अजून नव्या रबराच्या वासाच्या. वारा सदऱ्यात शिरायचा, पाठ हलकी व्हायची, आणि त्या तेवढ्या उतारापुरता तो चक्क खूश असायचा. उतार संपला की मात्र पायडल मारावं लागायचं. गुडघे पार हँडलपर्यंत वर यायचे आणि खुशीची जरा लाज वाटायची.

पुलाजवळच्या दगडी बाकावर तिघे जमले होते. नर्सबाईंची रात्रपाळी सुटली की त्या घरी जायच्या आधी इथे येत. सोबत थर्मास आणि दोन हात फिरून आलेली, पुढे टोपली असलेली सायकल. तिला त्या 'म्हातारी' म्हणत. दुसरा विमा विकणारा. त्याची सायकल कार्बनची, म्हणून त्याचं नावच कार्बन पडलं होतं. दोन बोटांनी ती उचलून दाखवल्याशिवाय त्याची सकाळ व्हायची नाही. तिसरा सायकलच्या दुकानाचा मालक, सगळ्यांचा मिस्त्री. त्याची स्वतःची सायकल चार सायकलींचे अवयव जोडून झालेली होती आणि तिच्याबद्दल तो काहीच बोलत नसे.

"या चौकटराव," कार्बन म्हणाला. "लांबूनच ओळखलं. गुडघे आधी येतात, मागून तुम्ही."

तो फोटोंना चौकटी करायचा, म्हणून चौकटराव. त्याने हसून सायकल बाकाला टेकवली.

"त्यांना कशाला बोलतोस?" नर्सबाईंनी कपात चहा ओतला. "तुझी सायकल हलकी झाली, तू कधी होणार?"

"हेच घरून ऐकून आलोय. बायको म्हणते, एवढे पैसे घालून सायकलचं वजन उतरवलंस, त्यापेक्षा दोन पोळ्या कमी खाल्ल्या असत्यास तर फुकटात झालं असतं."

"शहाणी आहे ती."

"आहेच. पण म्हातारीपेक्षा माझी बरी. तुमची तर पुढच्या चौकातून ऐकू येते."

"म्हणूनच मला घंटी लागत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "वॉर्डातले पेशंटसुद्धा म्हणतात, आल्या बाई."

या मंडळींची एक रीत होती. नवी सायकल आली की ती आधी सगळ्यांच्या बुडाखालून जायची. प्रत्येकाने कालव्याच्या लोखंडी दारापर्यंत जाऊन यायचं, आल्यावर एक गुण सांगायचा आणि एक खोड. आणि दुसऱ्याच्या सीटला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही दुसरी रीत. त्याची हिरवी सायकल पहिल्यांदा इथे आली त्या दिवशी कार्बन जाऊन आला आणि म्हणाला, चेन लोण्यासारखी आहे, पण सीट फार खाली, या माणसाचे गुडघे जातील. नर्सबाई म्हणाल्या, घंटी गोड आहे, पितळी आहे ना, पण सीटचं बघा हो दादा, माझ्या उंचीला बरोबर बसते म्हणजे तुम्हाला किती ठेंगणी असेल. मिस्त्री सर्वांत शेवटी गेला, सावकाश गेला, सावकाश आला.

"सायकल मापाची आहे," तो म्हणाला.

"कुणाच्या मापाची?" कार्बन हसत सुटला. "आणि खोड?"

मिस्त्रीने हात विजारीला पुसले. खोड त्याने सांगितलीच नाही.

सांगणार तरी काय? माप त्यानेच घेतलं होतं. चौकटरावांची मोठी बहीण, ताई, त्याच्या दुकानात जाऊन भिंतीला टाचा लावून उभी राहिली होती, आणि त्याने फूटपट्टीने तिच्या पायाची लांबी घेतली होती. भावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. बहीणभावांनी लग्नं केली नाहीत. वडिलांचं चौकटींचं दुकान दोघांनी मिळून चालवलं, तो लाकूड कापायचा, ती काच आणि पुठ्ठा. संध्याकाळी 'जरा भाजी बघून येते' म्हणून ती जायची आणि भाजी न घेताच यायची. एकदा तिच्या बोटांना काळं वंगण दिसलं तेव्हा त्याने विचारलं होतं.

"हे काय?"

"कुलपाला तेल दिलं," ती म्हणाली होती, आणि पुठ्ठ्यावर वाकून हसली होती.

मग एका दुपारी पुठ्ठा कापता कापता तिने सुरी खाली ठेवली, पाणी मागितलं, आणि तो पाणी घेऊन आला तोवर ती गेली होती. फार गडबड न करता, जशी ती कुठल्याही खोलीतून उठून जायची.

पुढच्या आठवड्यात दुकानातला फोन वाजला. "ताईंची सायकल तयार आहे म्हणावं."

तो गेला. हिरवी सायकल स्टँडवर उभी होती, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. मिस्त्रीने विचारलं, "ताई नाही आल्या?"

"ती घरी आहे," तो म्हणाला. हे का म्हणाला ते त्याला कळलं नाही. तोंडातून गेलं.

"बरं. सीट त्यांच्या मापाने लावलीय. घंटी त्यांनीच निवडली, ट्रेभर घंट्या वाजवून वाजवून." मिस्त्रीने फडक्याने हँडल पुसलं. "सकाळी आम्ही काही जण कालव्यावर असतो. त्यांना सांगितलंय मी. त्यांच्याबरोबर तुम्हीही या."

तो एकटाच गेला. पहिल्या दिवशी चहा देताना नर्सबाईंनी विचारलं, घरी कोण कोण? तो म्हणाला, मी आणि ताई. झालं. तेव्हापासून रोज कुणीतरी विचारायचं, ताई कशा आहेत? आणि तो म्हणायचा, बरी आहे. आज जरा गुडघा धरलाय. आज तिने सकाळीच पुठ्ठे कापायला घेतलेत. निघायला हवं, ताई वाट बघत असेल. शेजारच्यांना माहीत होतं, गिऱ्हाइकांना माहीत होतं. ते आवाज खाली करून बोलायचे, आणि पुढे पुढे तर विषयच टाळायचे. दुकानात तिचं स्टूल रिकामं होतं, घरात तिचा कप उपडा होता, आणि टेबलाच्या खालच्या कप्प्यात तिचा एक फोटो पाठ वर करून ठेवलेला होता. गावभरच्या माणसांना चौकटी करणाऱ्याच्या हातून त्याची चौकट होत नव्हती. उभ्या जगात हा पुलाजवळचा दगडी बाक तेवढा उरला होता जिथे ताई अजून घरी होती.

आणि सीट. सीट वर केली की तो खरोखरच त्या सायकलचा मालक होणार होता. म्हणून रोज गुडघे चोळत तो तशीच हाकायचा. विचारलं तर म्हणायचा, मला अशीच सवय आहे.

"तर उद्याचं ऐका," कार्बन बाकावर बसत म्हणाला. "उद्या टेकडी. वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचं. बायको डबे घेऊन गाडीने वर येतेय. चौकटराव, ताईंना ती घरून घेईल. पत्ता द्या."

त्याने कप ओठांपर्यंत नेला होता. तो तसाच राहिला.

"नको, तिला त्रास."

"कसला त्रास? गाडीत बसायचं, वर उतरायचं. माझी बायको सांभाळून आणेल, तिला म्हातारी माणसं आवडतात. माझ्या आईला डोक्यावर घेऊन नाचते."

"ताईंना एकदा बघायचंच आहे मला," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी टोपलीतून एक गुंडाळी काढली. लोकरीची होती, राखाडी. "गुडघ्याला बांधायचं म्हणावं. रात्री वॉर्डात शांतता असली की विणायला वेळ मिळतो. त्यांच्यासाठीच केलंय. मापाचा अंदाज घेतलाय, सैल झालं तर सांगा."

त्याने ती गुंडाळी हातात घेतली. ती मऊ होती आणि थर्मासला लागून ठेवल्यामुळे जरा कोमट. उगाच ती उलटी करून शिवण बघितली, जसा तो गिऱ्हाइकाचा फोटो उलटा करून पाठ बघायचा.

"पण आधी यांच्या सीटचं बघा," कार्बन म्हणाला. "अशा सीटवर टेकडी चढलात तर उद्या गाडीतून तुम्हालाच आणावं लागेल. मिस्त्री, तुम्ही का बोलत नाही हो? तुम्हीच सांगा यांना."

मिस्त्री इतका वेळ स्वतःच्या चाकाची एक ढिली तार बोटाने छेडत बसला होता. तो उठला. खिशातून छोटा पान्हा काढला आणि हिरव्या सायकलीपाशी जाऊन उभा राहिला. पण हात लावला नाही. रीत होती. त्याने नुसतं वळून बघितलं.

"वर करू?"

बगळा केव्हाचा उडून गेला होता. पुलावरून दूधवाल्याची गाडी गेली, बाटल्या किणकिणल्या, पुन्हा शांत झालं.

त्याने मान हलवली. हो.

मिस्त्री उकिडवा बसला. पान्हा त्याने बाजूला जमिनीवर ठेवला. दुसऱ्या खिशातून पंक्चरच्या डब्यातला पिवळा खडू काढला, तो जिभेवर जरा ओला केला, आणि सीटची दांडी जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे, अगदी कडेला लागून, एक रेघ ओढली. मग खिळ्याच्या टोकाने त्याच रेघेवरून हलकेच ओरखडा काढला, पुसला जाऊ नये म्हणून. हे सगळं त्याने मान वर न करता केलं. मग पान्हा उचलला आणि त्याच आवाजात, जसं कुणी दुकानात सुटे मोजून देताना बोलावं, म्हणाला:

"त्यांची जागा खुणेला राहील. केव्हाही परत लावता येईल."

बोल्ट सैल झाला. सीट वर सरकली. दांडीचा इतके दिवस आत दडलेला भाग बाहेर आला, नवाकोरा, चकचकीत, आणि त्याच्या वरच्या टोकाला ती पिवळी रेघ. लाकूड कापण्याआधी तो स्वतः पेन्सिलीने रेघ ओढायचा. कापल्यावर ती रेघ कुठे जाते हे त्याने कधी बघितलं नव्हतं.

"बसून बघा," मिस्त्री म्हणाला.

तो बसला. टाच पायडलवर टेकली, पाय सरळ झाला. गुडघा दुखला नाही. त्याचा हात आपोआप घंटीवर गेला, पण त्याने ती वाजवली नाही. दुसऱ्या हातात राखाडी लोकर तशीच होती. नर्सबाई थर्मासचं झाकण लावता लावता थांबल्या होत्या. कार्बनने फोन काढून बोट तयार ठेवलं होतं.

"हां, बोला. पत्ता."

"वहिनींना सांगा, आमच्या घरी थांबू नका म्हणावं," तो म्हणाला. "ही सायकल माझी नाही. ताईची आहे. सायकल यायच्या आधीच ती गेली. घरी कोणी नाहीये."