खराब होईल म्हणून

मी एक जुने फावडे आहे. लांब दांड्याचे, पाते झिजलेले. मित्रांनो, माझे कौतुक करू नका. कौतुकाचा मला वीट आला आहे.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातला. तिथल्या एका म्हाताऱ्या जोडप्याची कॅरॅव्हॅन होती, म्हणजे मोटारीला जोडून ओढायचे चाकांवरचे घर. तिच्या पाठीला मी बांधलेले असे. लाल मातीच्या त्या ओसाड मुलखात मी रुतलेली चाके उकरली, चुली खणल्या, सांगू नये ते खड्डेही खणले. कोणी आभार मानले नाहीत आणि माझे काही अडले नाही. पुढे ती कॅरॅव्हॅन माझ्यासकट आखाती मुलखात, खोर फक्कानच्या बंदरात उतरली आणि देरा नावाच्या वस्तीतल्या मोहिद्दीनभाईंकडे गेली. भाई मूळचे रत्नागिरीचे. सहा हिवाळे त्यांनी मला वाळवंटात मनसोक्त राबवले. मग त्यांनी कॅरॅव्हॅन विकली, ती जुमेरा लेक टॉवर्समधल्या सदानंदला. तिथून माझे दिवस फिरले.

निघताना भाई म्हणाले, "साहेब, टाकी पाण्याने भरा. रेतीत शिरण्याआधी टायरची हवा कमी करा. बाकी इन्शाल्ला."

सदानंदने मान डोलावली आणि केले काहीच नाही. टाकीला आतून डाग पडतील म्हणून ती कोरडीच ठेवली. गादीवरचे प्लास्टिक काढले नाही. रेतीत चाकाखाली घालायच्या दोन नारिंगी फळ्या नव्या आणल्या, त्याही वेष्टनात, लेबलासकट. सोमवारी दुकानात परत करायच्या होत्या ना! असल्या माणसांना वाळवंट हवे असते ते फक्त फोटोत. बायको छाया आणि सहा वर्षांची शुभ्रा यांना घेऊन स्वारी निघाली.

भर दुपारी फोटोसाठीच त्याने डांबरी रस्ता सोडला. वाळूच्या दोन टेकड्या ओलांडल्या आणि गाडी रुतली. हा शहाणा ॲक्सिलरेटर दाबत राहिला, तशी ती आणखी खाली गेली. इंजिन तापले, एसी बंद पडला. मोबाइलला रेंज नव्हती. पाण्याची एकच बाटली उरली होती, तीही अर्धी. शुभ्राचा चेहरा लालबुंद झाला आणि तिची बडबड थांबली. मी पुष्कळ वाळवंटे पाहिली आहेत, मित्रांनो. मूल गप्प झाले तेव्हा मी घाबरले नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल.

"त्या फळ्या काढ," छाया म्हणाली.

"अगं, स्क्रॅच आला तर रिटर्न घेणार नाहीत. थांब जरा, कोणीतरी येईलच."

"बाबा, इट्स जस्ट प्लास्टिक," शुभ्रा पुटपुटली.

छाया तडक मागे गेली. तिने मला सोडवले आणि माझ्याच पात्याने वेष्टन फाडले. मग ती खणू लागली. धड खणता येत नव्हते तिला, हाताला फोड आले, तरी थांबली नाही. सदानंद लेकीवर छत्री धरून उभा होता, तेवढेच त्याला जमले. तासाभराने चाके मोकळी झाली. तिने टायरची हवा सोडली, फळ्या घातल्या आणि गाडी बाहेर निघाली. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपापाशी घेतलेली पाण्याची बाटली शुभ्राने तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

मला वाटले, आता तरी माझी किंमत कळली. कळली, पण कशी! सदानंदने मला घासूनपुसून वॉर्निश लावले आणि हॉलच्या भिंतीवर टांगले. पाहुणे आले की सांगतो, याच फावड्याने आम्ही बाहेर पडलो. 'आम्ही' म्हणे! छाया चहा ओतत असते. कॅरॅव्हॅन विकायला काढली आहे आणि गादीवरचे प्लास्टिक अजून तसेच आहे, असे जाहिरातीत अभिमानाने लिहिले आहे.

परवा शुभ्रा खुर्चीवर चढली. तिला समुद्रावर वाळूचा किल्ला करायचा होता. "कॅन आय टेक इट?" तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

"नको गं," सदानंद म्हणाला, "खराब होईल."

मित्रांनो, तुम्ही कधी या घरी आलात तर भिंतीकडे पाहून माना डोलावू नका. मला खाली काढा, त्या पोरीच्या हातात द्या आणि एकदाचे खराब होऊ द्या.