चारचा भोंगा

तयारीच्या पहिल्याच दिवशी मालकांनी मला सांगून टाकलं, "हे बघ, कायदा मला समजावत बसू नकोस. त्यातून नाही कसं म्हणायचं, तेवढं शिकव."

आमच्या कारखान्यात औषधांची खोकी तयार होतात. आधी छपाई, मग कापणी, मग पेस्टिंग, म्हणजे कापलेल्या पुठ्ठ्याला घडी पाडून चिकटवणं. बेचाळीस माणसं. त्यांची हजेरी, रजा, नेमणुकीची पत्रं आणि आपसातली भांडणं माझ्या टेबलावर येतात. एक तारखेपासून नवा नियम लागू होणार होता. घरी लहान मूल असलेल्या कुणीही कामाच्या वेळा बदलून मागितल्या, तर मालकाने त्याला समोर बसवून ऐकून घ्यायचं आणि चौदा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. उत्तर दिलं नाही तर होकार धरला जाणार. नकार द्यायचा तर तीनच कारणं चालणार होती. त्यातलं एक होतं, 'कामाची साखळी तुटते.'

मालकांच्या संघटनेने सगळ्यांना एक जाडजूड पुस्तिका पाठवली होती. तिच्यात लिहिलं होतं, आधी तालीम करा, एकाने कर्मचारी व्हावं. कर्मचारी मी झाले.

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कामाची वेळ नऊ ते साडेपाच आहे. मी चारला निघते. मुलगी झाली तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं. पाळणाघर साडेचारला बंद होतं, आणि तिथल्या आजी सव्वाचारलाच तिची पिशवी भरून दारात उभ्या राहतात. हे कुठेही लिहिलेलं नाही. मालक तेव्हा म्हणाले होते, "जा गं, कुणाला कळतंय." म्हणून मी निघताना काखेत एक तपकिरी पाकीट धरायचे, कुरिअर द्यायला चालल्यासारखं. पाकीट रिकामं. दोन वर्षं तेच, कोपरे कापडासारखे मऊ झालेलं. मुलीला ताप आला, बस चुकली, आजींचा फोन आला, की मी धास्तावते. पण सगळ्यात मोठी धास्ती त्या पाकिटाची असायची. कुणी बोट दाखवून विचारलं, "मॅडम, रोज कुठलं टपाल?" तर?

नियमाची कुणकुण लागल्यावर पेस्टिंगवाल्या ताईंनी मला हात धुवायच्या नळापाशी गाठलं होतं. त्या बारा वर्षं त्याच टेबलाशी आहेत, बोटांच्या टोकांवर डिंकाचा पापुद्रा कायमचा.

"मॅडम, वेळ बदलून मागता येणार म्हणे. खरं का?"

"अजून नक्की नाही," मी म्हणाले. पुस्तिका माझ्या टेबलावर उघडीच होती.

"माझी धाकटी पहिलीत गेली ना. सकाळी तिचे पप्पा सोडतात. पण शाळा सुटते तीनला आणि मी पोचते सहाला. रखवालदार फाटक लावून घेतो. मग समोर स्टेशनरीचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर बसते. दुकानाची पाटी वाचत. पाठ झालीय तिला. झोपेतसुद्धा म्हणते, 'झेरॉक्स, लॅमिनेशन, शालेय साहित्य योग्य दरात.'" त्या हसल्या. मग नळ बंद करून म्हणाल्या, "हसू येतं आणि नंतर येत नाही."

"बघू," मी म्हणाले. "काहीतरी होईल."

तालमीत मी खुर्चीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "सर, मला लहान मूल आहे. वेळ बदलून हवी."

"मग नवरा काय करतो?"

"सर, हे विचारायचं नाही."

"बरं. आम्ही लहानपणी एकटेच घरी यायचो, काही झालं नाही आम्हाला."

"हेही नाही."

"मग बोलू काय? हवापाणी?"

"पाणीच. आधी ग्लास पुढे करायचा. पूर्ण बोलू द्यायचं. ती थांबली की मनात तीनपर्यंत मोजायचं. मग म्हणायचं, 'तुमची अडचण मला समजते.' आणि मग कारण."

मालक माणूस वाईट नाही. त्यांनी हे सगळं एका कार्डावर लिहून घेतलं, 'तीन मोजणे' याला खाली रेघ मारली. मग चष्मा पुसत म्हणाले, "एक ध्यानात ठेव. एकीला दिलं की दहा जणी उभ्या राहतील. मग मला सगळ्यांना एकच नियम लावावा लागेल. तुझं चारचंही बंद होईल, समजलं ना?"

समजलं. ते सहज म्हणाले असतील. पण त्या संध्याकाळी पाळणाघरातून येताना मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती आणि मी रस्ताभर हिशेब करत होते, साडेपाचला निघाले तर ती कुणाच्या पायरीवर बसेल.

दुसऱ्या दिवशी मी तालीम जास्त मनापासून घेतली. मालक म्हणाले, "तू फार गुळमुळीत बोलतेस. खरं वाटलं पाहिजे, तरच माझी तयारी होणार." मला पटकन खोटं सुचत नाही. मी ताईंचं बोलणं उचललं. फाटक, पायरी, पाटी, झोपेतलं झेरॉक्स, सगळं. नाव घेतलं नाही. मालक आधी हसले. मनातल्या मनात तीनपर्यंत मोजताना त्यांचे ओठ हलताना मला दिसले. म्हणाले, "तुमची अडचण मला समजते. पण आपलं काम म्हणजे साखळी आहे. पेस्टिंगची एक कडी निघाली की मागचं सगळं थांबतं."

"उत्तम," मी म्हणाले.

ते खरं नव्हतं, आणि मला माहीत होतं. छपाईवाले सहालाच येतात. आदल्या दिवशी कापलेला माल पेस्टिंगच्या टेबलाशी थप्प्या लावून पडलेला असतो. सहाला येऊन कुणी चिकटवायला बसलं, तर साखळी तुटणार नाही, उलट पुढे सरकेल. हे मी बोलले नाही.

एक तारीख उलटून तीन दिवस झाले आणि ताईंनी अर्ज दिला. वहीचं पान, सुबक अक्षर. रजिस्टरमध्ये मी त्याला क्रमांक एक घातला. दुसऱ्या दिवशी त्या मालकांच्या खोलीत आल्या. मी कोपऱ्यात टिपणं घ्यायला.

मालकांनी ग्लास पुढे केला. ताई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, मी बसले होते तशाच.

"सर, मी सहाला येते. अडीचला सोडा. तास तेवढेच भरतील, एक मिनिट कमी नाही. माझी धाकटी पहिलीत आहे. शाळा तीनला सुटते. शाळेबाहेर ती..." आणि त्या थांबल्या. ओढणी सावरायला, बाकी काही नाही.

मालकांना वाटलं, बोलणं संपलं. त्यांनी तीन मोजले. मग खरोखरच्या मायेने म्हणाले, "हो, त्या पायरीवर पाटी वाचत बसते बिचारी. झेरॉक्स, लॅमिनेशन. तुमची अडचण मला समजते."

पुढे ते साखळीबद्दल बोलत राहिले. ताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. चिकटवलेलं खोकं हातात घेऊन, कड नीट बसली की सुटली, हे त्या ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने. माझं पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"बरं," एवढंच म्हणून त्या उठल्या. पाणी तसंच राहिलं.

दार लागल्यावर मालकांनी विचारलं, "कसं झालं? पाणी विसरलो नाही."

मी नळापाशी गेले. ताई बोटांवरचा पापुद्रा नखाने सोलत होत्या.

"ताई, ते मी..."

"तुम्ही सांगितलंत होय. मी म्हटलं, सरांना कसं कळलं."

"तालमीसाठी. मी नाव नव्हतं घेतलं."

"नाव कशाला घ्यायचं? पाटी एकच आहे." त्यांनी हात झटकले. "मला वाटलं होतं, निदान चारच्या भोंग्याला कळेल."

"कोण भोंगा?"

"तुम्ही. पेस्टिंगला सगळ्या तेच म्हणतात. तुम्ही पाकीट घेऊन निघालात की चार वाजले. आम्ही डिंकाचं भांडं भरून घेतो. वर घड्याळ कोण बघतंय."

माझे कान तापले. "कुणी कधी बोललं नाही मला."

"काय बोलायचं? लेकराकडे जाता. चारनंतर कुणी तुम्हाला शोधत आलं तर आम्हीच सांगतो, मॅडम खाली गोदामात आहेत." त्या जायला वळल्या. "दोन वर्षं गोदामात आहात तुम्ही."

त्या दिवशी चारला मी पाकीट उचललं आणि परत ठेवलं. मग पुन्हा उचललं, कारण आजी दारात उभ्या राहणारच होत्या. पेस्टिंगच्या टेबलापासून दारापर्यंत बावीस पावलं आहेत. मी कधी मोजली नव्हती.

नकाराचं पत्र मी टंकून ठेवलं, छापलं नाही. एक सोपी वाट होती. गप्प बसायचं. चौदा दिवस उलटले की आपोआप होकार. ताईंचं काम झालं असतं, मालकांनी 'राहून गेलं' म्हणून कपाळाला हात लावला असता आणि माझ्यावर काहीच आलं नसतं. दोन दिवस मी त्यावरच खूश होते. तिसऱ्या दिवशी मुलीच्या पिशवीत डबा भरताना लक्षात आलं, की हेही ते पाकीटच आहे. वरून काम, आत रिकामं.

सकाळी मी मालकांपुढे एक अर्ज ठेवला. क्रमांक दोन.

"हे काय? तुला कुणी अडवलंय?"

"लेखी हवं सर. तपासायला कुणी आलं आणि विचारलं, इथे वेळ बदललेलं कुणी आहे का, तर मी काय लिहू?"

"नाही म्हणून लिही."

"मी रोज चारला जाते."

"ते कुणाला कळतंय."

"बेचाळीस माणसांना."

मालकांनी चष्मा काढला. "आणि साखळी? ती तुटेल त्याचं काय?"

"तुटत नाही सर. सकाळी सहाला खाली माल थप्प्या लावून पडलेला असतो. येऊन बघा एकदा."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळू आवाजात म्हणाले, "मग हे तालमीत का नाही सांगितलंस?"

याची तालीम आम्ही केली नव्हती. मी माझा अर्ज त्यांच्याकडे आणखी थोडा सरकवला. उत्तर त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते खरंच सहाला आले. हातात चहाचा पेला घेऊन थप्प्यांभोवती दोनदा फिरले, एका थप्पीवर हात ठेवून उभे राहिले. हे मला छपाईवाल्यांनी सांगितलं. नऊला मला बोलावून सांगितलं, "दोन्ही अर्ज मंजूर. तीन महिने बघू. ती सहा ते अडीच. तू चारला जा, पण साडेसातला ये. तास पूर्ण भर. आणि दोन्ही पत्रं फळ्यावर लाव, सगळ्यांना दिसतील अशी." मग दाराकडे बोट केलं. "तयारी माझी करायची होती ना? मला वाटतं, आधी तुझी करायला हवी होती."

ताईंना पत्र द्यायला मीच गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं, सही केली, एक प्रत घडी घालून आपल्या बटव्यात ठेवली. त्यांची घडी फार सरळ असते.

"ताई, माझं चुकलं," मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. आणि डिंकाचं भांडं जवळ ओढलं.

आता मी मुलीला झोपेतच उचलून पाळणाघरात नेते. आजी कुरकुरतात, पण घेतात. अडीचला पेस्टिंगच्या टेबलाशी हसू उठतं, कुणीतरी ओरडतं, "अडीचचा भोंगा झाला गं." ताईही हसतात, ओढणी झटकून निघतात. परवा मी नळापाशी विचारलं, धाकटी कशी आहे? म्हणाल्या, "बरी आहे मॅडम." आणि नळ पूर्ण उघडला. पाण्याच्या आवाजात पुढचं विचारता आलं नाही.

चारला मी रिकाम्या हाताने निघते. आता मला बघून कुणी डिंकाचं भांडं उचलत नाही. सगळ्याजणी आधी मान वर करून घड्याळ बघतात.