पाटावरून न उतरणारे महाराज

मोरीतल्या नळानं ‘फुस्स’ केलं आणि सगळी शांतता मोडली.

तोवर आमच्या ओसरीत आणि अंगणात अर्धं गाव श्वास रोखून बसलं होतं. वीजनाथ महाराज डोळे मिटून माझ्या कंप्यूटरवर हात ठेवून होते. पण नळाचा आवाज कानी पडताच निम्म्या बाया महाराजांना तिथंच सोडून घागरींकडे धावल्या. नळातून नुसती हवा आली. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्या उदगीरकडच्या गावात नळाला वारा येत होता.

“बसा, बसा,” एक डोळा उघडून महाराज म्हणाले. “पाण्याहून मोठी गोष्ट हाय ही. मशीनमधी जीव अडकलाय.”

बाया परत येऊन बसल्या. माझ्या मांडीवरचं बाळ चुळबुळ करत होतं, आणि त्याच्याहून जास्त मी.

या ओसरीत मी टायपिंगचा क्लास चालवते. उदगीर जिल्हा होणार, कचेऱ्या येणार, क्लार्क लागणार, अशी हवा त्या वर्षी उठली आणि गावातल्या पोरी माझ्याकडे येऊ लागल्या. दोन कंप्यूटर, दोन्ही बँकेनं भंगारात काढलेले. डब्यासारखे जाड पडदे. तीन कीबोर्डांची बटणं काढून मी एक कीबोर्ड उभा केला होता. मशीन रुसलं की आतली रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवर आमूचं खोडरबर घासायचं, परत बसवायची, की पडदा उजळतो. आमू माझी थोरली, पाच वर्षांची. मशीनला ‘दात घासून देणं’ हे काम ती तिचंच समजते.

परीक्षा महिन्यावर आली होती. अशात क्लासातल्या दानम्मानं मशीनच्या पत्र्याला हात लावला आणि किंचाळून मागं पडली. दुसरीनं लावला, तिलाही झिणझिण्या आल्या. दानम्माची आई मल्लम्मा धावत आली. “बेडा, बेडा, असलं मशीन नको ग बाई,” असं कानडी-मराठीत म्हणत लेकीला घेऊन गेली. तेव्हापासून क्लास रिकामा होता, आणि आज मल्लम्माच महाराजांना घेऊन आली होती.

महाराजांची बैठक आमच्याच पाटावर, पाटावर घोंगडी. आधी त्यांनी ओसरीभर तीर्थ शिंपडून घेतलं. एवढ्या दुष्काळात तेवढ्यासाठी कळशीभर पाणी कुणीतरी दिलं. मग मशीन चालू करायला लावलं. ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभं करून एकेकाला म्हणाले, “लाव हात.”

जो लावी तो दचके. बाया हात जोडत.

“आता आमी लावतो.” महाराज पाटावर उभे राहिले आणि पत्र्यावर पंजा ठेवला. काही झालं नाही. “बँकेतला एक क्लार्क खुर्चीवरच गेला. हिशोब अर्धा राहिला. त्याचा जीव हितं चिटकलाय. आमाला वळखतो, म्हणून गप बसतो.”

“कोणत्या बँकेतला, महाराज?” मी विचारलं.

“बाई, जिवाला ब्रांच नसते.”

मागं कुणीतरी हसलं, मग खोकल्याचं सोंग केलं.

“उद्या अमावास्या हाय. दोनी मशीनी गाडीत घाला, आमी विसर्जन करतो. जुन्या वस्तूत जीव घुसतो, नव्या कोऱ्यात न्हाई. आमच्या मन्मथच्या दुकानात शुद्ध केलेल्या मशीनी हायत.” मन्मथ नावाचा शिष्य बाजूलाच छापील पत्रकं वाटत होता.

मल्लम्मा मला म्हणाली, “पंचशीला, देऊन टाक बाई. नवीन आण, मग पोरी येतील.”

नवीन आणण्याची ऐपत असती तर खोडरबर कशाला घासलं असतं? मशीन गेलं म्हणजे क्लास गेला, दानम्माची परीक्षा गेली. गावातल्या पोरींना दुसरं कुठलं दार होतं? माझ्या सासूबाई नागुबाई चुलीपाशी भाकरीचं पीठ मळत होत्या.

आमूनं माझा पदर ओढला. “आई, महाराज खाली का उतरत नाहीत?”

“कुठून?”

“पाटावरून. मघाशी पाणीपण पाटावरच प्यायले.”

मी पाटाकडे पाहिलं. लाकूड, वर घोंगडी. सगळं कोरडं. आणि बाकीचे सगळे ओल्या फरशीवर, अनवाणी. मग खिडकीबाहेर पाहिलं. तिथं अर्थिंगचा खड्डा होता. मीठ-कोळसा घालून वायरमननं केलेला. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा, म्हणून त्यानं बजावलं होतं. होळीपासून माणसांनाच पाणी नव्हतं, खड्ड्याला कोण पाजणार? माती भेगाळून वाळली होती. मशीनमध्ये थोडीशी वीज पत्र्यावर उतरते. ओल खड्ड्यात असली की ती जमिनीत निघून जाते. खड्डा वाळला, तर ती वाट बघत बसते, आणि अनवाणी माणूस शिवला की त्याच्यातून जाते.

बाळ शेजारणीकडे देऊन मी उठले. बाळाच्या आंघोळीचं पाणी घमेल्यात राखून ठेवलेलं होतं, म्हशीसाठी. ते उचललं.

“अगं,” नागुबाई ओरडल्या, “म्हशीच्या तोंडचं पाणी खड्ड्यात ओततीस?”

“आत्या, एवढं एक डाव.”

ओतलं. मातीनं सुर्रकन पिऊन टाकलं. थोडं थांबले, मग अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहून मीच आधी पत्र्याला बोट लावलं. काही नाही. तळहात टेकवला. काही नाही.

“दानम्मा, ये.”

ती आईकडे बघत आली, डोळे मिटून हात लावला, मग उघडले. “ताई, काहीच होत न्हाई.”

महाराजांनी लगेच हात वर केले. “गेला! आमच्या मंत्रानं गेला जीव.”

लोक पुन्हा हात जोडू लागले. मी बटण बंद केलं, प्लग काढला. सगळ्यांना दिसेल अशी खड्ड्याकडे जाणारी वायर सोडवली, म्हणजे विजेची वाट पुन्हा बंद, आणि मशीन परत चालू केलं. “जीव गेलाच असेल, तर महाराज, पाटावरून उतरा आणि लावा हात. मघा लावलाच होता की.”

“आमचं व्रत हाय.”

“व्रत पाटाचं हाय का?” नागुबाई पिठाच्या हातानं आल्या. “माझा पाट द्या बरं, भाकरी थापायच्यात.”

“लावा की महाराज,” मल्लम्मा म्हणाली. आवाजात आता जोडलेले हात नव्हते.

महाराजांनी ओल्या फरशीकडे पाहिलं, मग दाराकडे. हळूच म्हणाले, “मन्मथ, माझी रबरी चप्पल दे.”

पहिल्यांदा नागुबाई हसल्या. मग सगळी ओसरी.

महाराजांना सगळं ठाऊक होतं, हे त्या चपलेनं सांगितलं. मी मशीन बंद करून वायर घट्ट बसवली. दुसऱ्या दिवशी दानम्मासकट सगळ्या पोरी आल्या, मशीनवर खटखट सुरू झाली. म्हशीच्या पाण्यासाठी मल्लम्मानं आपल्या वाट्याच्या टँकरच्या पाण्यातली एक घागर दिली.

झिणझिण्या आल्या तर हात काढा, बटण बंद करा, जाणत्याला बोलवा. जीव अडकलाय म्हणून कुणी सांगितलं, तर आधी तो माणूस कशावर उभा आहे ते बघा. आणि वस्तू जुनी झाली म्हणून ती मेली, असं समजू नका. बहुतेक वेळा कुठंतरी एक वायर सुटलेली असते.

हेच मी त्या संध्याकाळी आमूला सांगत होते, बाळाला थोपटता थोपटता. ती अंगणापलीकडच्या कोरड्या विहिरीकडे बघत होती.

“आई,” तिनं विचारलं, “मग विहिरीची कुठली वायर सुटलीय?”