तीन गाड्यांचा नियम

बिननोंदणीच्या गाड्यांच्या पाहणीत भरलेल्या प्रत्येक फॉर्ममागे पी-श्याला एकशेऐंशी डॉलर, म्हणजे चार वाट्या भाताइतके, मिळायचे. एकोणचाळीस भरून झाले होते; चाळिसावा आ-खिम मावशीच्या टर्की-भाताच्या, म्हणजे टर्की पक्ष्याचं मांस घातलेल्या भाताच्या, गाडीवर अडला होता.

"रोज वीस वाट्या," मावशी पातेल्यातून डोकं वर न काढता म्हणाली.

पी-श्या सकाळी सहापासून समोर देवळाच्या पायरीवर बसून होती. कोणी वहीत न लिहिलेल्या विक्रीचाही माग उरतो, हे आकडेवारी खात्याच्या अठरा वर्षांच्या पायपिटीने तिला शिकवलं होतं. तिने कचऱ्याची बादली पुढे ओढली. "मावशी, चॉपस्टिकची पाकिटं एकशे अठ्ठ्याण्णव निघाली."

"अधाशी गं लोक! एकेकाला दहा-दहा जोड्या लागतात."

"मग पोटंही दहा असतील."

मावशी हसली नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, "लिही खरा आकडा. मग माझा भाऊ कुठे झोपेल, तेही लिही."

कागदावर मावशीची कमाई नाममात्र, म्हणून नऊ वर्षं आजारी भावाला सरकारी शुश्रूषागृहात सवलतीचा पलंग होता.

"नावाची पट्टी फाडूनच फॉर्म पुढे जातो, मावशी."

"अख्ख्या वॉर्डात टर्की-भाताची गाडी एकच. नाव हवंय कशाला?"

पी-श्याचं पेन थांबलं. वीस लिहून मोकळं होता आलं असतं. कोण बघायला येतंय? पण अशा विसांमुळेच मावशीसारख्या बायका खात्याला दिसत नव्हत्या, आणि न दिसणाऱ्यांसाठी नियम बदलत नाहीत.

"खरंच लिहिणार," ती उठली. "पण तुम्हाला एकटं नाही ठेवणार. एकाच धंद्याच्या तीन गाड्या झाल्या की नुसती बेरीज पुढे जाते. शेजारच्या वॉर्डात दोन आहेत."

"त्यांचे पैसे मिळणारेत तुला?"

"नाही."

"वेडी आहेस. आणि त्या नाक्यावरच्याचा भात कोरडा असतो, सांगून ठेवते."

दोन्हीकडे खाल्ल्याशिवाय मालकांनी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी तिने लिहिलं: गाड्या तीन, वाट्या पाचशे बारा. फॉर्मवर गाडीची नोंदणी न करण्याची सहा कारणं छापलेली होती. 'इतर' समोर तिने लिहिलं: घरात आजारी माणूस.

खात्यातल्या कारकुनाने चाळिसाव्या फॉर्मचे एकशेऐंशी मोजून दिले.

"आणि दोन वेळचं खाणं? नव्वद डॉलर."

"पावत्या?"

पी-श्याला हसू फुटलं. पावती देत नाहीत म्हणूनच तर ती त्यांच्याकडे गेली होती.

भाऊ पलंगावर, मावशी बेरजेत, आणि दोन वाट्या पी-श्याच्या पदरच्या. त्यातली एक खरोखरच कोरडी होती.