थर्झा अल्डरसनचे मत

"शाळा शनिवारी बंद असते, थर्झा," कुंपणापलीकडून शाळेचा शिपाई म्हणाला. "एवढी नटूनथटून कुठे निघालीस?"

"मत द्यायला."

शिपायाने हातातले फावडे खाली ठेवले. त्याला हसू आले होते, पण थर्झाच्या डोक्यावरची रविवारची टोपी आणि चिखलाने लडबडलेले बूट पाहून ते त्याने गिळले.

"अगं, मत कुठलं घेऊन बसलीस? सर जर्वेस बिनविरोध निवडून आले, झाले की आठ-दहा दिवस. समोर कुणी उभंच नाही म्हटल्यावर मतदान कशाला घेतील?"

"मग माझं मत?"

"आहे की तुझ्यापाशी. पुढच्या खेपेला दे."

ही १९१८च्या डिसेंबरमधली गोष्ट. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. हे सगळे मला आईने सांगितले, आणि थोडेफार पुढे खुद्द थर्झाने.

थर्झा आणि तिचा नवरा एनॉक हे सर जर्वेस यांच्या जमिनीवरचे कूळ होते. डझनभर गायी, दगडी गोठा, टेकडीच्या उतारावरची कुरणे. दर मंगळवारी थर्झा ऑस्बीच्या बाजारात लोणी विकायला बसे. बायकांच्या मतासाठी लंडनला मोर्चे निघत, काचा फुटत, तेव्हा ती दूध काढत असे. गायींना मोर्च्यांचे काही ठाऊक नसल्यामुळे त्या रोज दोन्ही वेळा दूध देत. पण तिशीपुढच्या बायकांना मत मिळाले, हे तिने वर्तमानपत्रात वाचले आणि शब्दशः खरे मानले. म्हणून ती चार मैल चालत शाळेवर गेली आणि चार मैल चालत परत आली.

एनॉक फाटकाशीच उभा होता.

"तुला ठाऊक होतं?" तिने विचारले.

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सकाळपासून टोपी ब्रशनं साफ करत बसली होतीस," एनॉक म्हणाला. "कसं सांगणार?"

आमच्या हेबरडेल मतदारसंघाचे असेच होते. १८८५ साली तो झाला तेव्हा सर जर्वेस यांचे वडील पार्लमेंटवर निवडून आले. त्यांच्यानंतर सर जर्वेस. १९०६ मध्ये लीड्सचा एक वकील समोर उभा राहिला. त्याच्या पहिल्याच सभेत लोकांनी त्याला सलगम फेकून मारले. तो हरला आणि पुन्हा या बाजूला फिरकला नाही. तेव्हापासून मतपेटी म्हणून काही हेबरडेलने पाहिली नव्हती. सर जर्वेस वाईट नव्हते. समोरची टेकडी जशी आहे तसे ते होते, आणि टेकडीला कुणी मत देत नाही.

१९२२ सालीही तेच झाले. त्या वेळी थर्झाने रविवारची टोपी कपाटातून बाहेर काढली नाही. दिवसभर लोणी घुसळत राहिली, आणि त्या लोण्यात मीठ जरा जास्त पडले म्हणतात.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, बाजाराच्या दिवशी बातमी आली की पुन्हा निवडणूक लागली आहे.

"लागू दे," शेजारची अंडीवाली म्हणाली. "आपल्याला काय?"

"कुणीतरी उभं राहायला हवं," थर्झा म्हणाली.

"कुणी?"

"कुणीही."

बाजार उठल्यावर ती घरी न जाता माणूस शोधायला निघाली. चॅपलच्या धर्मोपदेशकांची तब्येत बरी नव्हती. म्हणजे बरी होती, पण तिचा प्रश्न ऐकल्यावर बिघडली. लोकरीचा व्यापारी मोठ्याने हसला.

"सर जर्वेसनं तुझं काय वाकडं केलंय?"

"काही नाही. कदाचित मी त्यांनाच मत देईन."

"मग हा खटाटोप कशाला, बाई?"

"ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याला हो तरी कसं म्हणू?"

व्यापाऱ्याचे हसू थांबले. पण उभा राहायला तो तयार झाला नाही.

दोन दिवसांनी अल्डरसनांची तांबडी गाय अडली. वासरू आडवे आले होते. एनॉकने गुरांच्या डॉक्टरांना बोलावले. सायलस थ्वेट म्हणजे आडव्या बांध्याचा, मितभाषी, बायको वारलेला माणूस. खोऱ्यातले प्रत्येक जनावर त्यांना ओळखे. माणसांशी बोलताना मात्र ते बुटांकडे बघत. कोट काढून, बाही दंडापर्यंत सारून ते गोठ्यातल्या पेंढ्यावर आडवे झाले, तेव्हा थर्झा कंदील घेऊन शेजारी उभी राहिली.

"डॉक्टर, तुम्ही निवडणुकीला उभे राहता का?"

थ्वेट यांचा हात खांद्यापर्यंत गायीच्या पोटात होता. त्यांना पळून जाता येण्यासारखे नव्हते.

"मी?" ते म्हणाले. "दोरी द्या जरा. मला बोलता येत नाही, थर्झाबाई."

"बोलायला नाही, उभं राहायला सांगतेय."

"सर जर्वेसच्या इस्टेटीचे वीस घोडे माझ्याकडे उपचाराला असतात. ते जातील."

"जातील."

"आणि मी हरणार."

"हरणार तर. हरायलाच माणूस हवाय. तोच मिळत नाहीये."

गायीने कळ दिली. थ्वेट यांनी ओढले, एनॉकने ओढले आणि वासरू पेंढ्यावर येऊन पडले. थ्वेट यांनी त्याच्या नाकातला चिकटा पुसला. मग म्हणाले, "या खोऱ्यात माझा हात ओळखत नाही अशी गाय नाही. गायींना मत असतं तर एक वेळ बरं झालं असतं." हात धुता धुता त्यांनी पुढे जोडले, "अनामत माझी मी भरीन. सह्या तुम्ही आणा."

उमेदवारी अर्जावर दहा मतदारांच्या सह्या लागत. सूचक म्हणून पहिली सही थर्झाने केली. चॅपलमधले काही लोक, लोहार, दोन विधवा, पोस्टमास्तरची बहीण अशा नऊ झाल्या. दहावी मिळेना. आणि त्याच दिवशी इस्टेटीचे कारभारी पिकर्ड घोड्यावरून अल्डरसनांच्या अंगणात आले. ते खाली उतरले नाहीत.

"मार्चमध्ये तुमचा करार संपतो ना, एनॉक?"

"हो, साहेब."

"चांगलं कुरण आहे. बरेच जण विचारत असतात." मग ते थर्झाकडे वळले. "तुम्ही काहीतरी सह्या गोळा करताय म्हणे."

"करतेय, साहेब. एक कमी पडतेय. तुम्ही करता?"

पिकर्ड यांनी घोडा वळवला. ते दिसेनासे होईपर्यंत एनॉक अंगणात उभा राहिला. मग म्हणाला, "थर्झा, पायाखालचं गवत त्यांचं आहे."

"गवत त्यांचं. मत माझं."

"आणि उद्या रस्त्यावर आलो तर? या वयात? मताची चूल पेटते का?"

थर्झा बादली उचलून दूध काढायला निघून गेली. त्यांच्या लग्नाला सत्तावीस वर्षे झाली होती आणि त्या संध्याकाळी दोघे प्रथमच न बोलता जेवले.

सकाळी तिने टेबलावरचा अर्ज उचलला तेव्हा त्यावर दहावी सही होती. एनॉक गोठ्यात होता. ती दारात जाऊन उभी राहिली.

"तू कशी काय सही केलीस?"

"पिकर्ड घोड्यावरून उतरला नाही," एनॉक म्हणाला. "सत्तावीस वर्षं मी त्याला हो साहेब म्हणतोय, आणि माझ्या अंगणात तो उतरला नाही." आणि त्याने दुसरी गाय दोहायला घेतली.

थ्वेट यांची सभा एकच झाली, चॅपलच्या मागच्या खोलीत. खोली भरली, कारण सतरा वर्षांत लोकांनी निवडणुकीची सभा पाहिली नव्हती. काहीजण सलगमही घेऊन आले होते. माझी आई मागच्या बाकावर होती. ती तिशीच्या आतली, तिला मत नव्हते, पण सभा ऐकायला कोण अडवणार?

थ्वेट उभे राहिले आणि बुटांकडे बघत म्हणाले, "मी सायलस थ्वेट." मग त्यांचा आवाजच बंद झाला. लोक चुळबुळले. शेवटी लोहाराने दया येऊन विचारले, "डॉक्टर, चेशायरकडे गुरांची साथ आलीये म्हणतात. ती इकडे आली तर?"

डॉक्टरांची मान वर झाली. साथ कशी पसरते, गोठे कसे वेगळे ठेवायचे, हे ते सरळ, न अडखळता सांगू लागले. बोलता बोलता म्हणाले, "वरच्या खोऱ्यात कुठलीही गाय अडली तर दोन तासांत मी पोचतो. बाई अडली तर कुणी पोचत नाही. डॉक्टर ऑस्बीला, सुईण त्याच्याही पलीकडे. चार वेळा मलाच नेलंय लोकांनी. मी गेलो. काय करणार? पण मी गुरांचा डॉक्टर आहे." त्यांनी पुन्हा बुटांकडे पाहिले. "हे मी कुणाला सांगितलं नव्हतं."

तिसऱ्या रांगेतून एनॉक उभा राहिला. हातातली टोपी त्याने छातीशी धरली होती.

"आमची मुलगी," तो म्हणाला. "सन एकोणीसशे एक. जानेवारी. मी ऑस्बीला डॉक्टरांकडे गेलो. बर्फ होता. परत आलो तेव्हा..." "एवढंच," असे म्हणून तो बसला.

आई सांगायची, थर्झाने त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. फक्त हात लांब करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि सभा संपेपर्यंत काढला नाही. त्या मुलीबद्दल त्या दोघांच्या तोंडून खोऱ्यात कुणी कधी शब्द ऐकला नव्हता. सलगम ज्यांनी आणले होते त्यांनी ते परत घरी नेले.

मतदानाच्या दिवशी बर्फ पडत होता. मतदारांची ने-आण करायला सर जर्वेस यांच्या मोटारी फिरत होत्या. एक मोटार थर्झा आणि एनॉकजवळ येऊन थांबली.

"बसा," चालक म्हणाला. "सगळ्यांना घ्यायचा हुकूम आहे."

थर्झा आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसली. उतरताना तिने चालकाचे मनापासून आभार मानले, पण मत कुणाला देणार ते काही सांगितले नाही.

शाळेत रांग लागली होती. वरच्या वाड्यांवरच्या बायका घसरगाड्यांवर बसून, अंगावर घोंगड्या गुंडाळून आल्या होत्या. थर्झाचा नंबर आला. ती पडद्यामागे गेली ती लवकर बाहेर येईना.

"बाई, काही अडचण आहे का?" अधिकाऱ्याने विचारले.

"नाही. वाचतेय."

"दोनच तर नावं आहेत."

"हो," पडद्यामागून आवाज आला. "दोन आहेत."

दुसऱ्या दिवशी ऑस्बीला निकाल लागला. सर जर्वेस दुपटीहून जास्त मतांनी जिंकले. थ्वेट यांची अनामत मात्र वाचली आणि इतक्या लोकांनी त्यांना मत दिले याचा सगळ्यांत मोठा धक्का त्यांनाच बसला. सज्जात येऊन सर जर्वेस म्हणाले, "माझ्या बाजूनं किती लोक आहेत ते आज कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, सगळेच आहेत." लोक हसले, आणि त्यांनाही हसू आले.

पुढच्या मंगळवारी ते बाजारात आले. त्यांना तिथे कुणी कधी पाहिले नव्हते. लोण्याच्या पाटीपुढे त्यांनी टोपी काढली.

"मिसेस अल्डरसन, थ्वेट सभेत जे बोलले, ते खरं आहे?"

थर्झाने पाटीमागे उभ्या असलेल्या एनॉककडे पाहिले.

"खरं आहे," एनॉक म्हणाला. या खेपेला त्याने 'साहेब' लावले नाही, आणि सर जर्वेस यांच्याही ते ध्यानात आले नसावे.

थ्वेट यांच्याकडचे घोडे गेले नाहीत. अल्डरसनांचा करार मार्चमध्ये नेहमीसारखा झाला. कागद घेऊन पिकर्ड आले, ते घोड्यावरून उतरले आणि जाताना लोणीही घेऊन गेले. हेबरडेलची निवडणूक त्यानंतर पुन्हा कधी बिनविरोध झाली नाही. दर वेळी कुणी ना कुणी उभे राहिले, बहुतेक वेळा हरले, आणि एकदा, ४५ साली, जिंकलेसुद्धा. पुढे १९५० मध्ये मतदारसंघच मोडला. अर्धा ऑस्बीच्या पलीकडच्यांना मिळाला, अर्धा कुठल्या कुठे गेला. थर्झाने त्या पहिल्या खेपेला मत कुणाला दिले, हे एनॉकने तिला कधी विचारले नाही. मी एकदा विचारले होते. "हे विचारायचं नसतं, पोरी," असे म्हणून तिने माझ्या पावावर आणखी लोणी लावले.

पण १९२४च्या एप्रिलमधले सांगायचे राहिले. त्या महिन्यात वरच्या खोऱ्यासाठी नर्स आली. इस्टेटीने तिला राहायला घर दिले, बाकीचा खर्च लोकांनी वाटून घेतला. पेनरोझ नावाची ती तरुण मुलगी सायकलवरून घरोघर जाऊन ओळख करून घेत होती. अल्डरसनांच्या स्वयंपाकघरात बसून तिने विचारले, "मुलं किती तुम्हाला?"

थर्झाच्या हातातली किटली थांबली.

"एक," एनॉक म्हणाला. "मुलगी."

नर्सने त्याच्याकडे पाहिले, मग थर्झाकडे, आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. चहा पिऊन झाल्यावर तिने वरच्या घराची वाट विचारली. तिथल्या बाईचे दिवस भरत आले होते. चढ उभा, बर्फ वितळून वाटेचा चिखल झालेला. एनॉक उठला, त्याने भिंतीला टेकवलेली सायकल हातात घेतली आणि तिच्या पुढे चालू लागला. थर्झा फाटकाशी येऊन उभी राहिली. चढावर दोघे लहान लहान होत गेले, म्हातारा सायकल ढकलतो आहे आणि मुलगी पिशवी सांभाळत मागून जाते आहे. वाटेच्या टोकाशी, त्या वरच्या घरात, माझी आई माझी वाट पाहत होती.