रविवारच्या तारखा

लाकडी मुठीचा, झिजल्या रबराचा मी तारखेचा शिक्का आहे, मित्रांनो. भिंगारजवळच्या एका ख्रिस्ती धर्मशास्त्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहतो. इथे शिकून मुलंमुली चर्चचे पाळक होतात. माझ्यावरचे आकडे फिरवायचे, मला शाईच्या गादीवर टेकवायचं आणि पुस्तकातल्या चिठ्ठीवर दाबायचं. पुस्तक कोणत्या दिवशी नेलं, ते तिथे उमटतं.

पूर्वी मला दिवसभर उसंत नसे. ठसा सुबक येतो म्हणून ग्रंथपाल लीनाताई माझं कौतुक करायच्या, जुन्या टूथब्रशने मला घासायच्या. पुढे सगळे मोबाईलवर वाचू लागले. माझी शाई वाळली. वाईट वाटलं का, ते आता आठवत नाही.

मग तपासणी समिती येणार असं कळलं. तिने मान्यता दिली तरच इथली पदवी बाहेर चालणार होती. मिरजगावची रुपाली शेवटच्या वर्षाला होती. पुढच्या शिक्षणासाठी तिला पुण्यात प्रवेश मिळालेला होता, पण या मान्यतेच्या अटीवर.

"लीनाताई, चिठ्ठ्यांवर अलीकडची एकही तारीख दिसली नाही तर काय म्हणतील ते?" प्राचार्य हेमचंद्र सर म्हणाले.

"पण सर, पुस्तकं कुणी नेलीच नाहीत."

"वेळ मिळाला असता, तर नेली असती की!"

लीनाताईंनी रुपालीचा विचार केला आणि मला बाहेर काढलं. आदल्या वर्षाचा जुलै लावला. सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. पुस्तक आठवड्यासाठी देतात, म्हणून त्या सात-सात दिवस पुढे जात राहिल्या. कॅलेंडर पाहायचं त्यांना सुचलं नाही. तीनशे पुस्तकांवर मी उमटलो. मला काहीच वाटलं नाही.

समितीचे वयस्कर अध्यक्ष चार-पाच पुस्तकं चाळून हसले. "वा! तुमच्याकडे रविवारी फारच वाचन होतं!"

लीनाताईंचा चेहरा उतरला. अध्यक्षांनी शेजारी उभ्या असलेल्या रुपालीला विचारलं, "बाळ, रविवारी ग्रंथालय उघडं असतं का?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. हो म्हटलं की झालं असतं.

"न्हाई सर," ती म्हणाली. "रविवारी कुलूप असतंय. आमी समदे खेड्यापाड्यातल्या चर्चच्या मंडळ्यांत उपासना चालवायला जातो."

मान्यता मिळाली नाही. रुपालीचा प्रवेश गेला. सामान घ्यायला आली तेव्हा लीनाताई रडत म्हणाल्या, "माझंच चुकलं गं. पण पोरी, तू गप्प तरी बसायचंस."

"मग रविवारी मंडळीपुढं उभी राहून काय सांगितलं असतं, ताई?"

लीनाताईंनी डोळे पुसले. मग एकेक पुस्तक उघडून त्या खोट्या चिठ्ठ्या काढू लागल्या. रुपालीने पिशवी खाली ठेवली आणि ती मदतीला बसली.

मित्रांनो, मला खरं-खोटं कळत नाही. दाबाल तिथे मी उमटतो. कळतं ते तुमच्या हाताला. तेवढा हात जपा.